अकरा आणि चार

"धारकाका, ही घ्या. उद्यापासून हिनेच घासायचं," असं म्हणून मॅनेजरबाईंनी टेबलावर एक कानस ठेवली.

म्हाताऱ्याने ती उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि त्याला हसूच आलं. "बाई, तुम्हाला कुणीतरी फसवलंय. ही पार गुळगुळीत आहे. हिने नखंसुद्धा घासली जायची नाहीत."

"माहीत आहे मला. मुद्दाम तशीच मागवलीय." बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही रोज दोनदा खरी धार लावता, काका. करवत किती झिजलीय बघितलंत का? जुन्या फोटोत ती चांगली वीतभर रुंद दिसते. आता चार बोटं राहिलीय. असंच चाललं तर पाच वर्षांनी लोकांना दाखवायला नुसत्या दोन मुठी उरतील. घासल्याचा आवाज आला म्हणजे झालं. बघणाऱ्यांना काय कळतंय?"

"करवतीला कळतं," धारकाका म्हणाला. पण हे तो नेहमीप्रमाणे स्वतःशीच म्हणाला, आणि कानस खिशात घालून मुकाट्याने उठला.

मुकाट्याने उठण्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा कुणी नव्हता. चौतीस वर्षं त्याने लाकूड-कारखान्यात करवतींना धार लावली, आणि एवढ्या वर्षांत साहेबासमोर त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघालेला कुणाला आठवत नव्हता.

गावही तसंच होतं म्हणा. तिन्ही बाजूंनी टेकड्या आणि चौथ्या बाजूने एकुलता एक रस्ता. तो नदीच्या काठाकाठाने साठ मैल यायचा आणि कारखान्याच्या फाटकाशी येऊन संपायचा. पुढे जायला जागाच नव्हती. मंगळवारी आणि गुरुवारी बस यायची, फाटकापुढच्या मोकळ्या जागेत वळायची आणि आल्या वाटेने परत जायची. फार पूर्वी ओंडके नदीत सोडून देत, नंतर छोटी आगगाडी आली, मग ट्रक आले. लाकूड गावाबाहेर न्यायच्या नाना तऱ्हा निघाल्या, माणसांसाठी मात्र ती बसच. टेकड्यांना इथे नावं नव्हती, वर्षं होती. ज्या वर्षी लागवड झाली ते टेकडीचं वर्ष. "एकसष्टच्या खाली राहतो," असा पत्ता पोरंसुद्धा सांगत. धारकाकाच्या घरामागची टेकडी त्याच्या मुलीच्या जन्माच्या वर्षी लावलेली, म्हणून घरात तिला 'लेकीची टेकडी' म्हणत. लेक आता अडतीस वर्षांची होती आणि झाडंही तेवढीच. चाळिसाव्या वर्षी तोड, हा इथला जुना नियम.

बारा वर्षांपूर्वी मोठी झाडं संपली आणि कारखाना बंद पडला. गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडल्या. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की कारखान्याचं संग्रहालय करायचं. मधल्या दालनात गावाचा प्लास्टरचा नकाशा उभा राहिला, बटण दाबलं की टेकड्यांवर दिवे लागायचे. नुकती लावलेली झाडं पिवळी, तोडीला येणारी लाल. पलीकडे काचेच्या खोलीत दोन माणसांनी ओढायची लांबलचक करवत, शेजारी वॉर्निश मारलेला ओंडका, आणि स्टुलावर खराखुरा धारकाका. बाहेर पाटी: 'प्रात्यक्षिक – सकाळी अकरा, दुपारी चार'. पाहुणे काचेला नाक लावून बघायचे. एका पोरीने एकदा आईला विचारलं होतं, "हे आजोबा रात्री कुठे ठेवतात?"

एका मोसमापुरतं म्हणून तो बसला होता. त्याला नऊ वर्षं झाली. नोकरी होती म्हणून कारखान्याचं घर होतं. नोकरी सोडली की घर सोडायचं, असा करार होता.

मंगळवारी सकाळी तो कामावर आला तेव्हा वायरमन नकाशावर ओणवा झाला होता. लेकीच्या टेकडीवरचा लाल दिवा त्याने काढला आणि हिरवा बसवला.

"हिरवा कशाला?"

"राखीव झाली ती, काका. कायमची. वरून कागद आलाय. आता तिथलं पानसुद्धा तोडायचं नाही." वायरमनने बटण दाबून पाहिलं. "चांगलंच झालं की. निदान सावली तरी राहील."

धारकाकाने नुसती मान हलवली. दोन वर्षांनी टेकडी तोडीला येईल, कारखाना सुरू होईल, करवती लागतील आणि मग धारवाल्यावाचून कुणाचं पान हलणार नाही, हे तो बायकोला बारा वर्षं सांगत आला होता. तिला सांगता सांगता त्याचाही त्यावर विश्वास बसला होता.

त्याच दिवशीच्या बसने लेक आली. संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. "बाबा, खालची खोली रिकामी करून घेतलीय. आईच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून. गुरुवारी आपण तिघांनी निघायचं. या खेपेला मी ऐकणार नाही."

"अगं, पण टेकडी..." सवयीने त्याच्या तोंडात आलं, आणि तो थांबला. मग म्हणाला, "टेकडी राखीव झाली."

बायकोने हातातला डाव खाली ठेवला. "मग आता कशासाठी थांबायचं, सांगा बरं," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "बारा वर्षं तुमच्या टेकडीची वाट बघितली. नातीचे दात आले, पडले, परत आले. मी फोटोत बघितले. गुरुवारी मी जाते. तुम्ही आलात तर सुखाने जाईन. नाही आलात तरी जाईन."

तिने असं यापूर्वी कधी म्हटलं नव्हतं. धारकाका घाबरला. "उद्या सांगून टाकतो बाईंना," तो म्हणाला.

"सांगाल हो! मागे सांगायला गेलात ते नवा एप्रन घेऊन आलात. त्याच्या आधी गेलात तेव्हा हातमोजे. या खेपेला काय आणताय, टोपी?"

लेक हसली, तोही हसला. बायको मात्र हसली नाही. हसता हसता त्यालाच कळत होतं की तिचं खरं आहे. बाईंसमोर उभं राहून 'मी सोडतो' म्हणायचं, एवढे दोनच शब्द, पण ते त्याच्या घशाखालून वर येतच नसत. चूक नसताना माणसाने काम सोडायचं कसं, हेच त्याला समजत नव्हतं. पडल्या पडल्या त्याने विचार केला, आणि मग त्याला सुचलं. आपल्याला सोडता येत नसेल, पण त्यांनी हाकललं तर? ओंडक्याला हात लावायचा नाही, असं काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मागे एका झाडूवाल्याने त्याच्यावर चहाचा कप ठेवला, तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवला होता.

बुधवारी सकाळी त्याने बायकोला विचारलं, "माझी जुनी कानस कुठाय?"

"ट्रंकेत, खाली. कशाला?"

"लागणार आहे."

तिने त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं, मग गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली आणि तळापासून कानस काढून दिली. कापडात गुंडाळलेली, तेल लावलेली. "मग मी तुमचेही कपडे भरू ना?" तिने विचारलं. तिच्या डोळ्यांतली आशा बघून त्याला कसंसंच झालं. "भर," तो म्हणाला.

त्या दिवशी अकरा ते चार तो स्टुलावरून उठला नाही. आधी सगळ्या दातांची उंची सारखी केली. मग एकेक दात घेतला, एक डावीकडे वाकवलेला, एक उजवीकडे. पाहुणे आले नि गेले. बाई एकदा काचेबाहेरून डोकावल्या, आवाज येतोय बघून समाधानाने निघून गेल्या. चारला त्याने करवत उजेडात धरली. दात एका ओळीत चमकत होते. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला कापण्यासाठी धार लागली होती.

गुरुवारी पाहुण्यांची गर्दी होती. शहरातून एक मोठी सहल दोन गाड्या करून आली होती. बस साडेबाराची. सव्वाअकरा झाले तशी लेक त्याला न्यायला आली. "बाबा, सामान बसपाशी नेलंय. आई तिथेच बसलीय. सांगितलंत?"

"आत ये," तो म्हणाला. "धर ती दुसरी मूठ."

"बाबा!"

"धर म्हणतो ना. लहानपणी तूच लोंबकळायचीस तिला." मग हळूच म्हणाला, "हा ओंडका कापला की बाई मला आत्ताच्या आत्ता हाकलतील. मग काय, साडेबाराच्या बसने मोकळा."

लेकीला आधी हसू आलं आणि मग तिचे डोळे भरून आले. तिने पदर खोचला आणि मूठ धरली.

पहिल्या ओढीला वॉर्निश करकरलं. दुसऱ्या ओढीला दात आत शिरले. "ढकलू नकोस, नुसती ओढ," तो म्हणाला, "परत ओढायचं माझं मी बघतो, तू फक्त आपल्याकडे ओढ." लेकीला लय सापडली आणि करवत गायला लागली. बाहेर बडबड थांबली. भुसा खाली सांडू लागला, पिवळा, ताजा. बारा वर्षं कोरडा पडलेला ओंडका, पण आतून वास आला तो थेट रानाचा. तो वास दालनभर पसरला. गेटवरचा म्हातारा पहारेकरी आपली खुर्ची सोडून आत आला आणि दारातच उभा राहिला. धारकाकाचे खांदे दुखत होते, कपाळावरून घाम वाहत होता, आणि आपण किती सुखात आहोत हे त्याचं त्यालाच कळत होतं. चकती सुटून जमिनीवर पडली.

मग टाळ्या सुरू झाल्या. काचेवर थापा पडल्या. आणि गर्दीतून वाट काढत बाई आत आल्या.

धारकाका ताठ उभा राहिला. मुलीने त्याच्याकडे पाहिलं. आता बोलणी खायची आणि निघायचं.

बाईंनी वाकून मूठभर भुसा उचलला, नाकाशी धरला. त्यांचा चेहरा उजळला होता. "काका! अहो, हे आधी का नाही सुचलं आपल्याला? बघा बघा, लोक कसे वेडे झालेत! ओंडके मी मागवते, हवे तेवढे. दुसऱ्या मुठीला रोज एका पाहुण्याला घेऊ. खरी धार लावा हवं तर, करवतीही दुसऱ्या आणू. काय म्हणता?" आणि त्यांनी भुशाने भरलेल्या हाताने त्याच्या पाठीवर मोठ्या कौतुकाने थाप मारली.

बाहेर लोक अजून टाळ्या वाजवत होते. एक जाडा गृहस्थ कोट काढून बाह्या सरसावत होता. "मी, मी पुढचा!"

आताच म्हणायचं होतं. दोन शब्द. लेक वाट बघत होती, तिचा हात अजून मुठीवर होता. धारकाकाने तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं, खाली पडलेल्या चकतीकडे पाहिलं.

"अकरा आणि चार?" त्याने विचारलं.

"अकरा आणि चार!" बाई म्हणाल्या.

लेकीने मूठ सोडली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला, "येते, बाबा" म्हणाली आणि गर्दीतून निघून गेली. जाड्या गृहस्थाने मूठ धरली आणि चुकीचं ढकलायला लागला. त्याला शिकवता शिकवता साडेबारा झाले. बसचा भोंगा वाजला. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने आणखी एकदा वाजवला, थांबून तिसऱ्यांदा वाजवला. आता निघालो तरी पोचू, असं धारकाकाला तिसऱ्या भोंग्यापर्यंत वाटत होतं.

चारचं प्रात्यक्षिक उरकून तो घरी आला. दाराशी स्टुलावर एकच पिशवी परत आणून ठेवलेली होती, त्याची. कपडे घडी घालून भरलेले, वरचा बंद मोकळा. मंगळवारच्या बसची सोय बायकोने करून ठेवली होती.

कारखाना चालू होता तेव्हा रोज संध्याकाळी तो असाच पायरीवर यायचा आणि दाराकडे पाठ करून, हात पसरून उभा राहायचा. बायको खिळ्यावरचा कुंचा घ्यायची आणि त्याला नखशिखांत झाडायची, "अर्धं रान घरात आणता," असं रोज म्हणायची. बारा वर्षं शर्ट कोराच येत होता. आज भुसा होता. तो सवयीने पाठ करून उभा राहिला, हात पसरले, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

मग त्याने वळून पाहिलं. कुंचा खिळ्यावर होता. त्याने तो काढला. छाती झाडली, बाह्या झाडल्या, विजारीचे पाय झाडले. पाठीवर बाईंच्या हाताचा पंजा उमटलेला होता, तिथे काही त्याचा हात पोचेना. वरून करून पाहिलं, खालून करून पाहिलं. शर्ट काढून झटकता आला असता, पण तसं त्याने आजवर कधी केलं नव्हतं. तो कुंचा हातात घेऊन पायरीवर बसला, पिशवीशेजारी, पाठ भिंतीला न टेकता.