किती दिवसांचं इस्तंबूल

तोमिरिसने इस्तंबूलहून पहिल्यांदा बोलावलं तेव्हा ती म्हणाली होती, "आई, चांगली महिनाभर ये." शोल्पान हसली होती. अल्माटीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरातून ती बाजाराला गेली, तरी परत येताना जिना धावत चढायची. महिना ही काय गोष्ट झाली.

घरात अपा होत्या. अपा म्हणजे तिची सासू. शोल्पानचा नवरा एरबोल गेला आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात अपांची आठवण जी उसवायला लागली ती थांबलीच नाही. आधी शेजारपाजार विसरल्या, मग नातवंडं, मग जवळच राहणारा धाकटा मुलगा तालगात समोर बसलेला असला तरी "हा कुणाचा?" म्हणून विचारायला लागल्या. नाव एकच उरलं, शोल्पान. खायच्या तेही शोल्पानच्याच हातून. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ मिटून भिंतीकडे बघायच्या. तालगातने एकदा करून पाहिलं, त्याच्या बायकोने, झनारने, एकदा करून पाहिलं, आणि दोघांनी हात टेकले. त्यानंतर घरात ते ठरूनच गेलं. शोल्पानही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्याशिवाय घास घेत नाहीत." सांगताना तिचा आवाज थकलेला असायचा, पण त्यात थोडा तोरा असायचा, हे तिचं तिलाही ठाऊक होतं.

शोल्पानने महिन्याचे दोन आठवडे केले. तालगातने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झेंगे, तुम्ही जा. तुमचा हक्कच आहे. पण दोन आठवडे अपा उपाशी राहतील का?" झेंगे म्हणजे वहिनी, हे संबोधन तो फार गोड करून म्हणायचा, विशेषतः नाही म्हणायचं असलं की. दोन आठवड्यांचा एक झाला. मग झनारच्या कचेरीत वर्षअखेरीचं काम निघालं. शोल्पानने स्वतःच शनिवार-रविवार धरून चार दिवस काढले, आणि तालगात म्हणाला, "तीन करा ना. चौथा दिवस तसाही सामान बांधण्यात जातो."

तोमिरिस फोनवर चिडली. "तीन दिवस? त्यातला एक विमानात आणि विमानतळावर जाणार. आई, याला येणं म्हणत नाहीत, तोंड दाखवणं म्हणतात. त्यापेक्षा येऊच नकोस."

खालच्या मजल्यावर नीना पेत्रोव्ना राहायच्या. निवृत्त परिचारिका, जीभ तिखट, दोन नवऱ्यांना मातीत पोचवलेल्या. शोल्पान त्यांच्याकडे चहाला बसली होती आणि कान वर छताकडे होते, कारण अपा झोपल्या होत्या.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "एवढ्या लांब जायचं तर कमीत कमी किती दिवस हवेत? नाहीतर जाऊन न गेल्यासारखंच."

"शहर बघायचं असेल तर आठवडा," नीना पेत्रोव्ना म्हणाल्या. "पोरगी बघायची असेल तर तीन दिवस. आणि आपला पाय या दाराबाहेर पडतो का, एवढंच बघायचं असेल तर एक दिवसही पुरतो. तुला काय बघायचंय?"

वर अपांची काठी आपटल्याचा आवाज झाला आणि शोल्पान कप तसाच ठेवून उठली.

तिकीट शुक्रवारी जायचं आणि मंगळवारी सकाळी परतायचं निघालं. मधले दिवस तीन. निघायच्या दिवशी तिने सूप करून डब्यांत भरलं, औषधं मांडली, झनारला चमचा कसा धरायचा तेही दाखवलं. झनार मान हलवत राहिली. अपांनी शोल्पानच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं. टॅक्सीत बसल्यावर शोल्पानला वाटलं, आपण काहीतरी चोरून पळतोय.

इस्तंबूलला तोमिरिसने सगळं आखून ठेवलं होतं. मशिदी, महाल, जुना बाजार, संध्याकाळी बोट. "कमी वेळ आहे, तर एकही तास वाया घालवायचा नाही," ती म्हणाली. पहिल्या दिवशी शोल्पान तिच्यामागे पळाली. उंच घुमटाखाली उभी राहून वर बघताना तिच्या मनात एकच आलं, आता अपांची जेवायची वेळ झाली असेल. बाजारात तिने तालगातला दोनदा फोन लावला. त्याने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ती उठलीच नाही. तोमिरिसने दोनदा हाक मारली, मग पडदा ओढून घेतला. शोल्पान दुपारपर्यंत झोपली. कित्येक वर्षांत अशी झोप तिला मिळाली नव्हती, कुणाच्या खोकल्यावर कान न ठेवता. उठली तर तोमिरिस खिडकीशी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.

"महाल राहिला," तोमिरिस म्हणाली.

"राहू दे."

"बोट तरी घेऊ या?"

बोटीत दोघी बाकावर बसल्या. वारा गार होता, मागे पक्षी ओरडत होते, तोमिरिसने आईच्या खांद्यावर आपली शाल टाकली. शोल्पानला वाटलं, असे आणखी दोन दिवस मिळाले तर मी माणसात येईन. तेवढ्यात फोन वाजला.

"झेंगे," तालगातचा आवाज दबलेला होता, "अपांनी कालपासून घास घेतलेला नाही. तुमचंच नाव घेतायत. मी काही म्हणत नाही, तुम्ही ठरवा. पण उद्या काही झालं तर..."

तोमिरिसने ते ऐकलं. "खोटं बोलतोय काका. आई, एक दिवस तर उरलाय."

"खोटं असलं तर बरंच आहे की," शोल्पान म्हणाली. "पण खरं असलं तर?"

तोमिरिसने वाद घातला, रडलीही, आणि मग तिनेच तिकीट बदलून दिलं. सोमवारी सकाळी, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, शोल्पान आपल्या इमारतीच्या जिन्याशी उभी होती. लिफ्ट बंद होती. बॅग ओढत ती चौथ्या मजल्यावर पोचली, आपल्याच किल्लीने दार उघडलं आणि कोट न काढता स्वयंपाकघरात गेली.

अपा टेबलाशी बसल्या होत्या, गळ्याला फडकं बांधलेलं, हनुवटीवर सुपाचा थेंब. झनार त्यांच्यासमोर चमचा धरून होती. अपांनी तो घास घेतला, मिटक्या मारत गिळला आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलं गं शोल्पान." हे त्या झनारला म्हणाल्या. मग त्यांना दारातली बाई दिसली. त्यांनी तिच्याकडे सभ्यपणे पाहिलं. "पाहुण्या आल्यात. चहा ठेव, शोल्पान."

झनारच्या हातातला चमचा वाडग्यात पडला.

शोल्पान दाराला टेकली. तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, अपा ठणठणीत होत्या. मग तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं ज्या एका नावाने तिला या घरात खिळून ठेवलं, ते नाव तिचं नव्हतंच. जी हातात चमचा धरेल तिचं ते नाव होतं.

"कधीपासून खातायत?" तिने विचारलं.

"तुम्ही गेलात त्या संध्याकाळपासून," झनार म्हणाली. तिने मान वर केली नाही. "पहिल्या घासाला कां कूं केलं. मग मला शोल्पान म्हणायला लागल्या."

"आणि तालगातचा फोन?"

झनारने वाडग्यात पडलेला चमचा काढून पुसला. अपा फडक्याचं टोक चुरगळत होत्या. "त्यांना मी करायला लावला," ती शेवटी म्हणाली. "झेंगे, मी घाबरले. माझ्या हातून खातात हे एकदा सगळ्यांना कळलं, की मीही अडकले. तुम्हाला मी रोज बघते ना. मला असं व्हायचं नाहीये."

शोल्पानला राग यायला हवा होता. पण झनारच्या डोळ्यांखाली तीन दिवसांत जी काळी वर्तुळं आली होती, ती तिच्या फार ओळखीची होती. ती एवढंच म्हणाली, "माझं विमान उद्या सकाळी उतरणार होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्यापर्यंत मी इथे नाही."

तिने बॅग उचलली आणि एक मजला खाली उतरली. नीना पेत्रोव्नांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाल्या. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एवढं जग पडलंय आणि तुला माझा सोफा सुचला? निदान डोंगरावर तरी जा, हवा खा."

"पाय उचलत नाहीत," शोल्पान म्हणाली.

ती दिवसभर त्या सोफ्यावर पडून राहिली. वर तिचंच घर होतं. काठीची टकटक तिला ऐकू येत होती, नळ सोडल्याचा आवाज, खुर्ची सरकवल्याचा. दुपारी अपांनी हाक मारली, "शोल्पान! ए शोल्पान!" ती दचकून उठून बसली, पाय खाली चपला शोधायला लागले. वर कुणाची तरी पावलं घाईने चालत गेली. हाक थांबली. ती तशीच बसून राहिली, गुडघ्यांवर हात घट्ट दाबून, आणि तिला कळेना की आपल्याला मोकळं वाटतंय की टाकून दिल्यासारखं. नीना पेत्रोव्नांनी तिच्यापुढे बटाट्याची ताटली ठेवली. "खा," त्या म्हणाल्या. "आज तुला दुसऱ्या कुणाला भरवायचं नाहीये."

मंगळवारी सकाळी ती वर गेली. तालगात कामावर न जाता थांबला होता, कान लाल झाले होते. "झेंगे, चुकलं आमचं. अपांच्या काळजीपोटीच..."

"अपांची काळजी मी केली, तालगात. तू फोन केलास." तिने कोट खुंटीला लावला. "मार्चनंतर मी तीन आठवडे जाणार आहे. तोमिरिसला कळवलंय."

"तीन आठवडे? तिथे एवढे दिवस करणार काय?"

"झोपणार."

तालगातने बायकोकडे पाहिलं. झनार बुटाच्या नाड्या बांधत होती. तिने तोंड वर केलं. "दहा दिवस," ती म्हणाली, बाजारात भाव करावा तशी. "दहा दिवस मी येते. बाकीचे यांनी यावं. यांनाही अपा शोल्पान म्हणतील, त्यांना काय फरक पडतोय."

तालगात हसायला गेला, पण दोघींपैकी कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने घसा खाकरला आणि "बघू" म्हणाला. शोल्पानने त्याचं "बघू" खूप वर्षं ऐकलं होतं. "बघू नको," ती म्हणाली, "आता हो म्हण, मगच जा." तो दारात उभा राहिला. शेवटी "बरं, हो," म्हणाला आणि दोघं खाली उतरून गेली.

घर शांत झालं. अपा पलंगावर बसल्या होत्या. शोल्पानने त्यांचे मोजे बदलले, पाय चोळून गरम केले. अपांनी तिचा चेहरा निरखला.

"शोल्पान कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

तिला "मीच शोल्पान" म्हणता आलं असतं. "बाहेर गेलीय," ती म्हणाली.

"येईल ना?"

"येईल." तिने पांघरूण ओढून दिलं आणि सूप गरम करायला स्वयंपाकघरात गेली.