लंडन एक वीत

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, मित्रांनो. माझा आस जरासा वाकलाय आणि प्रशांत महासागरावर चहाचा एक ओघळ आहे. तरी बोट लावलंत तर अजून झकास फिरतो.

पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून, वर नकाशाच्या पट्ट्या चिकटवून मला घडवलं. रत्नागिरीच्या एका शाळेत मी आप्पा मास्तरांबरोबर तीस वर्षं भूगोलाच्या तासाला गेलो. माझ्यावर मुंबई होती, रत्नागिरी नव्हती. पहिल्याच दिवशी आप्पांनी निळ्या पेनाने एक ठिपका दिला आणि म्हणाले, "आता झालं जग पूर्ण." वर्ग खो-खो हसला.

पुढे शाळेत आत दिवा लागणारा नवा गोल आला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. निवृत्तीच्या दिवशी आप्पांनी मला रीतसर मागून घरी आणलं.

माझी खरी परीक्षा घरीच झाली. आप्पांच्या मुलीला, ऋजुताला लंडनच्या इस्पितळात नोकरी लागली. पण आईने, म्हणजे आनंदीबाईंनी, हो म्हटल्याशिवाय ती जाणार नव्हती. आनंदीबाईंनी चष्मा लावून तिकीट वाचलं. मुंबईहून निघणार दुपारी एकला, पोचणार संध्याकाळी सहाला.

"अगो, पाचच तास! नवी नवरी होते तेव्हा मला केळशीला माहेरी जायला सबंध दिवस लागायचा. जा तू खुशाल."

ऋजुताने आप्पांना डोळ्यांनीच दटावलं, गप्प बसा म्हणून. तेवढ्यात आनंदीबाईंनी परतीचं तिकीट उचललं.

"निघणार रात्री नऊला, पोचणार सकाळी साडेदहाला. साडेतेरा तास? सासरी जाताना पाच आणि माहेरी येताना साडेतेरा? कसलं मेलं विमान हे! नकोच जाऊस."

आप्पा हाडाचे मास्तर. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, बॅटरीचा सूर्य केला आणि मला सावकाश फिरवलं. "तिथली घड्याळं सध्या आपल्या साडेचार तास मागे. जाताना ते मिळवायचे, येताना वजा करायचे."

आनंदीबाईंनी बोटांवर हिशेब केला. जाताना साडेनऊ, येताना नऊ. मग त्यांनी अंगठा निळ्या ठिपक्यावर टेकवून हात ताणला. करंगळी लंडनवर पोचली.

"वीतभरच की हो! पण येताना अर्धा तास कमी कसा?"

"येताना वारा पाठीशी असतो."

"म्हणजे माहेरच्या वाटेवर वारासुद्धा ढकलतो म्हणा की. जा गो बाय!"

ती गेली. दर वर्षी येत राहिली.

गेल्या थंडीत आप्पा गेले. ऋजुता आली, तेव्हाही विमानाला नऊच तास लागले. ते नऊ तास फार लांब होते, एवढंच ती आईला म्हणाली. दहा-बारा दिवसांनी तिने मला कपाटावरून खाली काढलं आणि ओलं फडकं घेतलं.

"ठिपका सांभाळ गो," आनंदीबाई म्हणाल्या.

"आई, मी कुणाची मुलगी आहे?"

आता रविवारी फोन आला की आनंदीबाई माझ्याजवळ बसतात. "काय गो, वारा कुठल्या दिशेला वाहतोय आज?"

"रत्नागिरीकडेच!" पलीकडून ऋजुता म्हणते आणि दोघी हसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला अधूनमधून पुसा, फिरवा. फक्त कुणी पेनाने दिलेला ठिपका दिसला, तर फडकं त्याच्या कडेकडेने न्या.