नऊ बिल्ले

नऊ देशांच्या नऊ प्रमुखांनी आपापले अणुबॉम्ब पायांतून काढले आणि देवळाबाहेर अनसूयाबाईंच्या चपलांच्या फळीवर ठेवले. बाईंनी प्रत्येकाला पितळी बिल्ला दिला. कीर्तनाला अनवाणीच बसायचं असतं, त्यात नवल काही नव्हतं.

"आधी त्यांना काढू द्या," म्हणत नऊही जण उंबऱ्याशी अडले होते खरे. "अहो, रांग अडवू नका! बुवा उभे राहिलेत," असं बाई खेकसल्या, तेव्हा कुठे सगळे एकदम वाकले.

फळी मात्र खचली. मालक बिल्ला जितका घट्ट धरील तितकी त्याची वस्तू जड होते, हे बाईंना तीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. फळीपाठोपाठ जमीन खचली आणि अख्खं गाव तिकडे उतरतं झालं. नारळ गडगडत आले. मागोमाग बाईंचं घर तुळशीसकट घसरू लागलं.

आत करंबेळकरबुवा उतारावर एक पाय रोवून गात होते. देव पादुका काढून देतो आणि काट्यांतून अनवाणी निघतो, तो प्रसंग. खांबांना धरून बसलेली माणसं डोळे पुसत होती.

भर दुपारी आरती झाली. पहिले प्रमुख बाहेर आले तेव्हा घर फळीपासून हातभरच लांब होतं.

"घ्या साहेब, तुमचं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घराकडे पाहिलं आणि बॉम्ब न उचलताच बिल्ला बाईंच्या हातावर ठेवला.

"अहो, तुमचंच आहे ना हे?"

"म्हणून तर मीच सोडून जातोय."

फळीवरचा त्यांचा बॉम्ब जुन्या चामड्यासारखा सुकला. साहेब तापलेल्या फरशीवरून टुणटुण उड्या मारत निघाले. पीडा टळावी म्हणून देवळाशी चपला सोडून जाणारे लोक गावाला नवे नव्हते. "गेली पीडा, राव! मागं वळून बघू नका!" सगळे ओरडले. बायकांनी गोणपाटं भिजवून त्यांच्या वाटेत अंथरली. दुसरे निघाले, तिसरे निघाले. दर बिल्ल्यागणिक जयघोष होई, फळी वर येई आणि घर मागे सरके.

नववे आपल्याच देशाचे. ते मूठ आवळून उभे राहिले.

"ते आठ खरंच गेले?"

"फोड बघा की त्यांच्या पायांना!" बाई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे ओलं गोणपाट टाकलं.

साहेबांनी एक पाय गोणपाटावर ठेवला. आत बुवांनी पुन्हा चिपळ्या उचलल्या. साहेबांची मूठ उघडली. बिल्ला तळव्याला चिकटून होता, आणि घर जागेवर यायला बोटभर उरलं होतं.