फुलाबाईचा उजवा हात

रूपाली सांगायची, की तो व्यायामाचा मेळा तिने सगळ्या नाशिकसाठी भरवला. लोकांनी ते खरं मानलं. पण तिचा जीव अडकला होता एकाच हातात, तिच्या आईच्या.

दीड वर्षापूर्वी रूपालीचा धाकटा भाऊ साई आग्रा रोडवर ट्रकखाली गेला. बावीस वर्षांचा होता. तिरडी उचलायच्या वेळी फुलाबाईने बांबू धरला तो सोडेचना. शेवटी दिराने तिची बोटं एकेक करून सोडवली. तेव्हापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही, आणि डोळ्यांतून टिपूस आलं नाही. डॉक्टरांनी फोटो काढले, हाडात काही निघालं नाही. मखमलाबादच्या मळ्यात फुलांची पाटी डोक्यावर चढवायला आता तिला शेजारची चांगुणा लागायची.

रूपाली पुण्याला शिकून आलेली, योगाचे वर्ग घ्यायची. आईवर सगळी आसनं करून झाली, उपयोग शून्य. मग तिच्या मनाने घेतलं, की प्रत्येक अंगाला त्याची त्याची रीत लागते. गंगापूर रोडच्या मंगल कार्यालयात तिने एका रविवारी सगळंच गोळा केलं. तालमीतला मल्लखांब आला, शाळेची लेझीम आली, देवळाली कॅम्पचे निवृत्त सुभेदार त्यांची संथ चिनी कवायत घेऊन आले. पुण्याच्या एक बाई चटईवर झोपवून अंग सैल सोडायला शिकवणार होत्या. गावातल्या बायका टेम्पो भरून आल्या आणि लेझीमवर मनसोक्त नाचल्या. फुलाबाई मात्र दुसऱ्याच्या लग्नात बसावं तशी खुर्चीवर बसून होती. सुभेदारांनी हात पुढे केला, तर म्हणाली, "माझा नाय उचलत, दादा."

चटईवर ती झोपली, ती केवळ पाय दुखत होते म्हणून. पुण्याच्या बाई हळू आवाजात सांगत होत्या, डोळे मिटा, खांद्याला हलायचं असेल तसं हलू द्या, घाई नाही.

आधी फुलाबाईची बोटं थरथरली. मग खांदा. मग ती ताडकन उठून बसली, केस सुटले, सगळं अंग घुमायला लागलं, घशातून आवाज फुटला आणि उजवा हात सरळ डोक्याच्या वर गेला.

"अगं बया, गडावरची आई आली अंगात!" चांगुणा ओरडली. उद्घाटनाचं हळदीकुंकू होतंच. ते फुलाबाईच्या कपाळभर फासलं गेलं. बायका भराभरा पाया पडल्या. माझ्या पोरीचं कवा जमंल? आमच्या बोअरला पाणी लागंल का? पुण्याच्या बाई "त्यांना मोकळं राहू द्या, त्यांना मोकळं राहू द्या" म्हणत राहिल्या. कोण ऐकतंय!

आणि रूपाली? इतकं शिकलेली, अंधश्रद्धेवर भाषणं देणारी रूपाली? तिने आईच्या पायावर डोकं ठेवलं. "आई, माझ्या आईचा हात कधी बरा होईल?"

हात अजून वरच होता, आणि ही विचारत होती.

फुलाबाईने लेकीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. घशातला आवाज थांबला. "होईल," ती जड आवाजात म्हणाली. "नारळ दे." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हात हळूहळू खाली आला.

संध्याकाळच्या बसमध्ये फुलाबाई पदराने कपाळ पुसत होती.

"रुपे, देवीबिवी काय नव्हती."

"मग?"

"साई आठवला. त्याच्या तिरडीचा बांबू आठवला. रडू येत व्हतं गं, पार इथवर आलं व्हतं. तेवढ्यात तुम्ही समद्या पाया पडल्या. देवी रडती व्हय?" तिने पदर पुन्हा कपाळावरून फिरवला. "दुसऱ्या बायकांचं जाऊ दे. तू पण इचारलंस."

आपणच आपल्या आईला गप्प केलं, हे रूपालीला लख्ख कळलं. तिने आईला जवळ ओढलं. "आता रड ना, आई. मी आहे."

फुलाबाईने खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले, ओठ दाबले.

"आता नाय येत," ती म्हणाली.

मखमलाबाद आलं. उतरताना तिने दाराचा वरचा दांडा डाव्या हाताने धरला.