सगळ्यांच्या वर गेलेली लाल रेघ

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. डब्लिनच्या सँडीफोर्डमधल्या एका ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला. कारखान्यात घडलो तेव्हा वाटलं होतं, आपल्यावर सिनेमे लागतील, मुलं खिदळतील. नशिबी आल्या रेघा! कुठल्या फुटबॉलपटूच्या नेटवरच्या खात्यावर किती लोक लिहितात, त्याच्या रेघा.

सुरुवातीला माझं कौतुक फार. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. आता माझा एक कोपरा काळा पडलाय, धूळही कोणी पुसत नाही. त्याचं दुःख नाही. मला भीती वाटते ती वेगळीच.

एकाच संघातले सहा खेळाडू माझ्यावर असत. पाच जण देखणे, जाहिरातींतले. सहावा सर्बियाचा बचावपटू, त्याला लाझार म्हणू. त्याची लाल रेघ कायम तळाशी. गोल अडवणाऱ्याला विचारतो कोण?

मग त्याच्या एका चुकीने संघ अंतिम सामना हरला. आणि सोमवारी त्याची रेघ उभी चढली, सगळ्यांना मागे टाकून.

"अरे, युवर मॅन, तो लाझार, टॉपवर!" टीमप्रमुख इंद्रनील ओरडला. जो वर जाईल त्याच्या नावाने केक कापायचा, ही इथली रीत. कापला. मूर्ख कुठले! हरवणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात होय?

नागपूरच्या यामिनीने घास हातातच धरला. "लोक लिहितायत काय, ते वाचलं का कोणी?"

"अगं, सर्बियन आहे ते. आपलं काम मोजायचं. केक खा, सगळं ठीक, ग्रँड आहे."

"ग्रँड? मग पब्लिक चाकूची चित्रं कशाला टाकतंय?"

तिने संगणकावर त्या मजकुराचं भाषांतर करून माझ्यावर लावलं. एक फोटो : शाळेचं फाटक. लाझारची मुलगी, दोन वेण्या, पाठीला दप्तर. खाली लिहिलेलं : 'आज इथूनच सुटणार ना?' त्यावर हजारो लोकांनी पसंतीचे लाल बदाम टाकले होते. ते सगळे बदाम माझ्या लाल रेघेत जमा झाले होते.

इंद्रनीललाही मुलगी आहे, इथल्याच ब्लँचर्डस्टाउनच्या शाळेत जाते. त्याच्या हातातली सुरी गळून पडली.

"यामिनी, क्लबला फोन लाव. आधी लाव!"

फोन नुसता वाजत राहिला. तिकडे शाळा सुटायची वेळ होत आली.

"उचलला," यामिनी पुटपुटली. बराच वेळ ऐकत राहिली. "मागच्या दाराने नेलं तिला. फाटकावर खरंच माणसं उभी होती."

इंद्रनीलने उरलेला केक कचऱ्यात टाकला.

लाझारने खातं बंद केलं. रेघ पुसली गेली. वरच्या साहेबांनी काय विचारलं ठाऊक आहे? 'एवढी लोकप्रियता घालवली कशी?'

मित्रांनो, चढत्या आकड्याला प्रेम समजू नका. टाळ्या वाजवण्याआधी आत काय आहे ते वाचा. आज पहाटेपासून दुसऱ्याच एका खेळाडूची रेघ उभी चढते आहे. लुआस ट्रॅमने येणारी ऑफिसातली माणसं अजून वाटेतच आहेत. मला हात नाहीत, तोंड नाही. लवकर या कोणीतरी. या, आणि वाचा.