खोटारडी ठरवलेली पट्टी

या मित्रांनो, सरका जरा जवळ. हातातले काम ठेवा बाजूला, मांडी घाला नीट, आणि कान द्या. जिचे सारे आयुष्य काळोखात गेले, पण जिने एकदाही खोटी साक्ष दिली नाही, अशा एकीची गोष्ट आज सांगते. कोण म्हणता? अहो, मीच ती! मी एक जुनी पट्टी आहे. मोटारीच्या इंजिनात ऑइल किती आहे ते सांगणारी, हातभर लांबीची आणि करंगळीहून बारीक अशी पोलादी पट्टी.

कारखान्यात मला कापले, घासले, डोक्याला बोट अडकवायला कडी दिली आणि पायाशी दोन रेघा कोरल्या. खालची रेघ सांगते, याखाली गेलात तर इंजिन कोरडे पडेल. वरची सांगते, यावर चढलात तर फेसाळेल. झाले माझे शिक्षण! पण बघा हं, उणे नको आणि अति नको, एवढी एक गोष्ट माणसाला साऱ्या जन्मात उमगत नाही. ती देवाने माझ्या टाचेवर लिहून मला जगात पाठवले. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझी गाडी एका नर्सबाईंनी घेतली. टेकडीपलीकडे तीन वस्त्या होत्या. बस पुलापाशीच थांबे. पुढे चढावर आमच्या गाडीशिवाय कोणी नाही. अडलेली बाई असो की तापाने फणफणलेले पोर, नर्सबाई बॅग उचलत आणि आम्ही निघत असू. दर रविवारी पुलापाशी, सपाटीवर गाडी थांबवून त्या मला बाहेर काढत, मऊ फडक्याने पुसत, पुन्हा आत बुडवून काढत, उजेडात धरत आणि म्हणत, "शाब्बास गं बाई!" सव्वीस वर्षे मी ही शाबासकी ऐकली. राजाच्या तलवारीलाही एवढा मान मिळाला नसेल.

वय मात्र कोणाला चुकले आहे? इंजिन सकाळी टिकटिक करू लागले. नर्सबाईंना एक धाकटा भाऊ होता. दुकान पडद्यांचे, पण घरात सगळे त्याला 'इंजिनिअर' म्हणत. त्यातला टोमणा त्याला कधी कळला नाही. तो एक चकचकीत डबा घेऊन आला.

"ताई, हे दुकानातलं सगळ्यात महाग ऑइल. नव्या कोऱ्या गाड्यांत घालतात. म्हातारीला तारुण्य येईल बघ!"

"अरे, पण हिला चालेल का?"

"चालेल? पळेल म्हण!"

ते ऑइल वाईट नव्हते हो. पण पाण्यासारखे पातळ, नव्या गाड्यांच्या घट्ट बसलेल्या भागांसाठी केलेले. आमच्या इंजिनाचे भाग झिजून त्यांच्यात फटी पडल्या होत्या. गाडी तापली की ते त्या फटींतून सरकून जाई, आणि चौकात थांबलो की ऑइलचा लाल दिवा डोळे मिचकावू लागे.

"कमी पडलं असणार," असे म्हणून भावाने अंगणातच मला बाहेर काढले. आता गंमत ऐका. ते अंगण चढाचे, आणि गाडीचे नाक वर. सारे ऑइल मागे धावलेले, मी पुढे उभी. माझ्या पायांशी आले तेवढेच मी दाखवले. त्याने ओतले. पुन्हा बघितले. "अजून कमीच!" पुन्हा ओतले. मी काय करणार? पट्टीला ओरडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर एक बाई अडली होती. गळ्यापर्यंत भरलेले ऑइल इंजिनाने असे घुसळले की साबणासारखा फेस झाला. फेसाने का कुठे इंजिन सांभाळले जाते? लाल दिवा लागला तो विझेना. नर्सबाईंनी अर्ध्या चढावर गाडी थांबवली आणि बॅग घेऊन तासभर पायी चालत गेल्या. देवाची कृपा, आई आणि बाळ दोघेही वाचले. पण गाडी दोरखंडाने ओढत घरी आणली, तेव्हाचा नर्सबाईंचा चेहरा मला आजही दिसतो.

"गाडी संपली, ताई. आणि ही पट्टी तर एक नंबरची खोटारडी," भाऊ म्हणाला. "शुक्रवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

"मग टेकडीवर कोण जाणार? तू? पडदे घेऊन?"

खोटारडी! मित्रांनो, भंगारात जायची मला भीती नव्हती, पोलाद वितळून पुन्हा पोलादच होते. पण हा कलंक घेऊन जायचे? आणि माझ्यामुळे टेकडी उघडी पडायची?

गुरुवारी नर्सबाईंनी वस्तादांना बोलावले. ते बस डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. गुडघे दुखत म्हणून उलट्या बादलीवर बसले. बॉनेटला हात लावण्याआधी त्यांनी विचारले, "कोणतं ऑइल घातलंत? किती? आणि मोजलंत कुठे?"

"इथेच की, अंगणात," भाऊ म्हणाला.

वस्तादांनी खिशातली पेन्सिल जमिनीवर ठेवली. ती गडगडत थेट फाटकापाशी गेली.

"इंजिनिअरसाहेब," वस्ताद म्हणाले, "कललेल्या तराजूत तुम्ही कापड तरी मोजून घ्याल का?"

"कापड मीटरवर मोजतात," भाऊ पुटपुटला. नर्सबाई चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

गाडी ढकलत सपाट रस्त्यावर नेली. वस्ताद दहा मिनिटे डोळे मिटून नाम घेत बसले. ऑइल खाली उतरायला तेवढा वेळ लागतोच. मग मला काढले, पुसले, पुन्हा बुडवून काढले. वरच्या रेघेच्याही बोटभर वर ऑइल!

"पट्टी खरं बोलते आहे," ते म्हणाले. "विचारणाऱ्याने कुठे उभं राहून विचारायचं, ते त्याचं त्याने बघावं."

त्या एका वाक्याने माझे गंज चढलेले डोकेसुद्धा ताठ झाले.

मग त्यांनी गाडीचे पुस्तक मागितले. सीटखालून निघालेल्या त्या मळक्या पुस्तकात एक तक्ता होता: हवा कशी आणि ऑइल कोणते. "हे बघा, वीस-पन्नास नंबरचं, तुमच्या डब्यातल्याहून घट्ट. महाग की स्वस्त, हे इथे लिहिलेलं नाही. ज्यांनी हिला घडवलं, त्यांचं ऐकायचं."

"मग त्याहून घट्ट घालू या! वय झालंय ना हिचं?"

"नको. थंडीच्या सकाळी ते मधासारखं रेंगाळेल. वर पोहोचेपर्यंत इंजिन कोरडंच घासेल."

जुने ऑइल काढले, फिल्टर बदलला आणि पुस्तकातले ऑइल थोडे थोडे करून भरले. दर वेळी वस्तादांनी मला विचारले. मी दोन रेघांच्या मधोमध उत्तर दिले, तेव्हाच ते थांबले. किल्ली फिरली. लाल दिवा लागला आणि श्वासभरात विझला. टेकडी चढून, तापून, वर थांबल्यावरही तो विझलेलाच राहिला.

शुक्रवारी भंगारवाला आला, तेव्हा नर्सबाई वस्तीवर निघाल्या होत्या. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला आणि डोके खाजवले. "बाई, भंगार कुठंय?"

"ते पडदे विकतं," नर्सबाई म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्याने हसला तो भाऊच. आणि भंगारवाला? जाता जाता आपल्या जुन्या ट्रकसाठी वस्तादांचा पत्ता घेऊन गेला.

त्यानंतर सात वर्षे आम्ही टेकडी चढलो. किती बाळांचे पहिले रडणे मी बॉनेटखालून ऐकले, मोजले नाही. वस्ताद मात्र मधल्या एका हिवाळ्यात देवाघरी गेले.

मित्रांनो, जुन्या गाडीला हिणवू नका आणि उगाच लाडही करू नका. तिचे पुस्तक वाचा, तिला सपाट जागी उभी करा, आणि थोडे थांबा. आणि माझ्यासारखी एखादी पट्टी हातात घेऊन पुसाल, तेव्हा ओतण्याआधी विचारणाऱ्या त्या म्हाताऱ्या वस्तादांची क्षणभर आठवण काढा.