चाळीस डॉलरांची बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. घाबरू नका, माझ्या नळ्यांत आत्ता काडतूस नाही. पण मी म्हणते म्हणून ते खरं मानू नका. रिकामी आहे म्हणणारी बंदूक आणि सहज भाव विचारतो म्हणणारं गिऱ्हाईक, दोघांवरही विश्वास ठेवायचा नसतो. उघडून पाहायचं, मग बोलायचं.

माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. दोन्ही पोलादी नळ्या एकमेकींना चिकटून झोपलेल्या बहिणींसारख्या आहेत. त्यांच्या मागे, पोटाखाली, कारखान्यातल्या कारागिराने एक नंबर कोरला. तो कोरताना मला गुदगुल्या झाल्या होत्या. मोठी झाल्यावर कळलं की तो नंबर म्हणजे माझं नाव. नेब्रास्काच्या आमच्या तालुक्यात मेरी नावाच्या बायका प्रत्येक चर्चमध्ये सापडतील. माझ्या कारखान्यात या नंबराची मी एकटीच.

मला लॅडी हाव्रानेक नावाच्या शेतकऱ्याने दोन डुकरं विकून घेतलं. त्या पैशांत कपडे धुण्याचं यंत्र यायचं होतं. त्याची बायको कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. माझ्याकडे तर ती सवत असल्यासारखी पाही. मग पहिला फेझंट पक्षी घरी आला. तिने तो आंबट सायीत शिजवला, दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि मी घरची झाले.

मका कापून झाला की आमचे दिवस सुरू होत. पहाटेचं दव, पुढे कुत्रा, मागे लॅडी आणि त्याच्या मागे त्याची दोन पोरं. लॅडीचे नियम कडक होते. कुंपण ओलांडायचं तर आधी मला उघडायचं, रिकामं करायचं. तोंड कोणाकडेही करायचं नाही, थट्टेत तर मुळीच नाही. नेम लागला की लॅडीचा हात चांगला आणि चुकला की बंदूक वाकडी, हाही एक नियमच होता. मी कधी तक्रार केली नाही. नोकरी म्हटली की हे आलंच.

मुलगी रोझलिन शिकारीत बापाच्या वरताण निघाली. मुलगा डुएन मात्र ऐन वेळी शिंकायचा. पक्षी उडून जायचे आणि मला वाटतं, त्याला त्यातच आनंद होता. पण शनिवारी मला खोलून, पुसून, तेल द्यायचं काम तो कोणाला करू देत नसे. एकीने मला चालवलं, एकाने मला जपलं. कोणाचा हक्क जास्त, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे लॅडीचे गुडघे गेले. मी कपाटात गेले. तिथे झाडू मारायचं यंत्र आणि प्लास्टिकचं नाताळचं झाड असे दोन शेजारी होते. झाडाला वर्षातून एकदा तरी बाहेर काढत. मला कोणीच नाही. पोलादालासुद्धा एकटेपणाचा गंज चढतो, मित्रांनो. मी खरंच सांगते.

मग लॅडी गेला. मयताच्या जेवणाला अकॉर्डियन वाजवायचा की नाही, यावरून भाऊबहीण भांडली.

"पपांना पोल्का नाच आवडायचा," रोझलिन म्हणाली.

"पपा मेलेत, त्यांचं लग्न नाहीये!" डुएन म्हणाला.

अकॉर्डियन गाडीच्या डिकीतच राहिला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. लॅडीला आपली पोरं चांगलीच ठाऊक होती. त्याने आधीच लिहून ठेवलं होतं, सगळं लिलावात विका आणि आलेले पैसे निम्मे-निम्मे करा. ज्याला जे हवं, त्याने बोली लावून घ्यावं.

लिलाव पुकारणारा व्हर्नन झेलेंका. हिशेब ठेवणारी त्याची बायको मार्लीन. पुकारा त्याचा, पण राज्य तिचं. खुर्च्या, नांगर, बश्या यांची यादी करायला तिला सकाळ पुरली. माझ्यासाठी मात्र तिने चष्मा बदलला. मी रिकामी आहे का ते दोनदा पाहिलं, माझा नंबर वहीत उतरवला, माझ्या चापाला कुलूप घातलं. बंदुका विकायचा परवाना व्हर्ननच्या लिलावघराच्या नावाने होता, म्हणून हाव्रानेकांच्या घरातून फक्त मला तिथे आधीच नेलं. बाकी सामान मागून ट्रकने आलं. असा मान मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

लिलावाच्या दिवशी व्हर्ननने सुरुवातीलाच सांगितलं, "बंदुकीचा नियम वेगळा आहे, ऐका! ज्याच्या पुठ्ठ्यावरच्या नंबरावर बोली, त्याच्याच नावाने अर्ज. अर्ज पास झाला नाही तर बंदूक पुन्हा बोलीवर." कोणी ऐकलं नाही. चर्चच्या बायकांनी कोलाचेचं टेबल नुकतंच उघडलं होतं. जर्दाळू आणि खसखस भरलेले गरम गोड पाव समोर असताना कायदा कोण ऐकतो?

त्या टेबलामागे पिठाच्या हातांनी रोझलिन उभी होती. माझी मांडणी तिच्या पाठीशीच. म्हणून मला सगळं ऐकू आलं. तिने शेजारच्या एल्मर सोबोत्काला बाजूला घेतलं. एल्मर म्हणजे गावातला दिव्यांचा कारखानाच. दुधाचे कॅन, नांगराचे फाळ, जुने बूट, जे हाताला लागेल त्यात तो बल्ब बसवतो.

"एल्मर, पपांच्या बंदुकीवर तुम्ही बोली लावा. तुमच्या नंबरावर. पैसे माझे," असं म्हणत तिने एक पाकीट त्याच्या खिशात सरकवलं.

"तू स्वतः का नाही लावत?"

"डुएन आलाय. मला ती हवी आहे हे त्याला कळलं ना, की नुसती खुन्नस म्हणून भाव आकाशाला भिडवेल. माझ्याकडे एवढेच आहेत. ती गेली तर पपांचं माझ्याकडे काहीच राहत नाही."

एल्मरने खिसा चाचपला. शेजाऱ्यासाठी बोली लावणं यात आमच्याकडे काही गैर नाही. कोणी शेळ्या सोडून येऊ शकत नाही, कोणी लाजतं, मग दुसरा बोली लावतो. असेच पाळणे गेले आहेत, ट्रॅक्टर गेले आहेत.

माझा पुकारा झाला आणि डुएनने हात वर केला. घरचा माणूस बोली लावतोय म्हटल्यावर गावाने आपापले हात खिशात घातले. ही आमच्याकडची रीत आहे. हात वरच राहिला तो फक्त एल्मरचा. लोकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने चर्चमध्ये ढेकर दिला.

दोनशे झाले. पाचशे झाले. डुएनचा चेहरा बीटासारखा लाल होत गेला. माझं काय विचारता? माझी छाती फुगत होती. दोन डुकरांच्या मोलाची मी, नऊशेवर गेले, हजारावर गेले! रोझलिन कोलाचेला बटर लावता लावता टेबलालाच लावत होती. शेवटी एल्मर अकराशे चाळीस म्हणाला आणि डुएनने नंबराचा पुठ्ठा जमिनीवर आपटला.

"घे! कर आता तिचा दिवा!"

एल्मरला सांगता येईना आणि राहवेना. तसाच तो मार्लीनच्या टेबलाशी जाऊन बसला. तिने त्याचं ओळखपत्र पाहिलं, अर्ज पुढे केला. नाव, पत्ता, जन्मतारीख त्याने भराभर लिहिली. मग त्याचं पेन थांबलं.

"मार्लीन, हे काय विचारलंय? खरा विकत घेणारा तुम्हीच आहात का?"

"हो किंवा नाही. दोनच चौकोन आहेत, एल्मर."

"समजा, एखाद्या माणसाने शेजारणीवर उपकार म्हणून..."

"शेजारणीसाठी खुर्ची घ्या, पलंग घ्या, मी फुलं पाठवते. बंदूक नाही. दुसऱ्याच्या पैशांनी, दुसऱ्यासाठी घ्यायची आणि इथे हो लिहायचं, हा गुन्हा आहे. गावचा नाही, अख्ख्या देशाचा. शेजारीण स्वतः घ्यायला मोकळी असली तरीसुद्धा."

"मग मी तिला भेट देतो!"

"स्वतःच्या पैशांनी घेऊन खरीखुरी भेट दिलीत तर जरूर. पण तुमच्या खिशातल्या पाकिटावर पिठाची बोटं उमटलीत, ती मला इथून दिसतायत."

एल्मरने पाकीट खाली ढकललं. ते आणखी वर आलं. मित्रांनो, ते क्षण मला फार लांब वाटले. त्याने हो लिहिलं असतं तर मी रोझलिनकडे गेले असते, पण एका भल्या म्हाताऱ्याचं खोटं माझ्या नंबराशी कायमचं बांधलं गेलं असतं. नाही लिहिलं तर मी कुठे जाणार, याचा नेम नव्हता. एल्मरने डोकं खाजवलं आणि 'नाही'च्या चौकोनात फुली मारली. मार्लीनने अर्ज बाजूला ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली.

"व्हर्नन! दुनळी पुन्हा बोलीवर!"

एल्मर कोलाचेच्या टेबलाशी गेला आणि पाकीट परत दिलं. "पोरी, तुझं काम माझ्याच्याने झालं नाही. तुरुंगात चहा चांगला मिळत नाही म्हणतात."

रोझलिनने पाकिटाकडे पाहिलं, मग डुएनच्या पाठीकडे. क्षणभर मला वाटलं, ती आता बटरच लावत बसणार. पण तिने एप्रन सोडला, मार्लीनकडून स्वतःच्या नावाचा नंबर घेतला आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. तिच्या गालाला पीठ लागलेलं होतं. कोणी सांगितलं नाही.

"हजारापासून म्हणू?" व्हर्ननने विचारलं. गावाचे हात पुन्हा खिशात गेले. "पाचशे? शंभर? अरे, मघाशी तर सगळे मोठे सावकार होता! बरं, चाळीस?"

"चाळीस," रोझलिन म्हणाली.

डुएनने मान वळवली. बहिणीला पाहिलं, तिच्या हातातला नंबर पाहिला, मग एल्मरला पाहिलं.

"एल्मर तुझ्यासाठी बोली लावत होता?"

"हो."

"मग मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"तू भाव चढवला असतास!"

"चढवलाच की! मला वाटलं, हा म्हातारा पपांच्या बंदुकीला बल्ब लावतोय!"

सगळं लिलावघर हसलं. एल्मर दुखावल्यासारखा म्हणाला, "दुनळी आहे. दोन बसले असते." त्यावर रोझलिन अशी हसली की तिला डोळे पुसावे लागले. डुएनने आपला पुठ्ठा उचलला, दुमडला आणि खिशात घातला.

ओमाहाहून नुकत्याच येऊन पोचलेल्या एका बंदूक-संग्राहकाचा हात तेवढ्यात वर चालला होता. शेजारी उभ्या असलेल्या बाईने त्याच्या एका हातात कॉफी दिली आणि दुसऱ्यात कोलाचे. बिचारा काय वर करणार?

"चाळीस एक वार," व्हर्नन कळवळून म्हणाला. त्याचं कमिशन डोळ्यांसमोर वितळत होतं. "चाळीस दोन वार... चाळीस तीन वार!"

हातोडा पडला. खरं सांगू? मला राग आला होता. घटकेपूर्वी मी अकराशे चाळीसची होते! मग मी हिशेब केला. मी महाग गेले असते तर त्यातला निम्मा वाटा डुएनला मिळाला असता. साडेपाचशे डॉलर त्या गड्याने पुठ्ठ्याबरोबर दुमडून खिशात घातले होते. एवढी मोठी बोली माझ्यावर कोणीच लावली नव्हती. माझा राग उतरला.

रोझलिनने अर्ज भरला. खरा विकत घेणारा तुम्हीच का, हा प्रश्न मार्लीनने मुद्दाम मोठ्याने वाचला.

"हो. मीच," रोझलिन म्हणाली आणि फुली मारली.

मार्लीनने सरकारी कचेरीला फोन लावला. तिकडे कोणीतरी रोझलिनचं नाव तपासत असताना डुएन तिच्या शेजारी येऊन बसला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि तिच्या गालाकडे बोट दाखवलं. फोनवरून होकार आला, तेव्हा ती गाल पुसत होती.

आता मी रोझलिनकडे लोखंडी कपाटात असते. काडतुसं दुसऱ्या कपाटात, तेही बंद. अंधार असतो, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुम्हाला कुठे दिसली तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. मोठे झालात की आम्हाला कुलपात ठेवा, आमचे कागद चोख ठेवा. सरकार आमच्याबद्दल खूप प्रश्न विचारतं म्हणून पुष्कळ लोक कुरकुरतात. मी नाही कुरकुरत. एका घरात कितीतरी दिवस कोणी विचारला नव्हता, तो प्रश्न त्या अर्जाने विचारला. खरं कोणाला हवंय? तुम्हाला जे मनापासून हवं असेल ते स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर मागा. लाज वाटेल. पण स्वस्त पडतं.